पाणी आधी ठेवा

घाईच्या दिवशी स्वयंपाकघरात वेळ कमी पडतो, असं सगळे म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. साडेसातला घरी पोचलं तरी जेवायला तासभर हाताशी असतो. संपलेलं असतं ते डोकं. दिवसभर याला उत्तर द्या, त्याला होकार कळवा, हे आज, ते परवा, असं करता करता ठरवायची ताकदच निघून गेलेली असते. फ्रिजचं दार उघडून उभं राहिलं की आतल्या वस्तू दिसतात, पण त्यांचं काही होऊ शकेल असं वाटत नाही. अशा वेळी मी काय करायचं ते ठरवतच नाही. पातेल्यात पाणी घेते, झाकण ठेवते, गॅस मोठा करते. ठरवायचं ते नंतर.

पास्ता मला आवडतो त्याला चवीइतकंच हेही कारण आहे. पाणी तापेपर्यंतची मिनिटं आयती मिळतात. तेवढ्यात कपडे बदलून होतात, लसूण सोलून होतो, आणि काहीतरी सुचतं. सुचायला फार लागतही नाही: थोडं तेल किंवा लोणी, एखादी ठसठशीत चवीची वस्तू, असलीच तर एखादी भाजी. मग पास्ता शिजायची आठ ते बारा मिनिटं. जो सॉस तेवढ्यात होत नाही किंवा स्वतःहून, माझ्याशिवाय होत नाही, तो आजचा नाही असं मी सरळ धरून चालते.

पाण्याचा इटलीतला जुना ठोकताळा असा आहे: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. चौघांसाठी म्हणजे चार लिटर पाणी. ते उकळायलाच इतका वेळ जातो की घाईचा स्वयंपाक म्हणण्यात अर्थ राहत नाही. मी निम्मंच पाणी घेते, कधी त्याहून कमी. बिघडत काही नाही, फक्त पहिल्या दोन मिनिटांत पातेल्यापाशी उभं राहावं लागतं. पास्ता पाण्यात पडला की त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून चिकट होतो आणि नेमके तेव्हाच तुकडे एकमेकांना धरतात. तेवढ्या वेळात ढवळत राहिलं की पुढे तो स्टार्च पाण्यात उतरत जातो आणि मग पास्ता आपला आपण शिजतो. पाणी निम्मं घेतलं तर मीठही निम्मंच, खरं तर त्याहून चिमूटभर कमीच, कारण हेच पाणी पुढे सॉसमध्ये जाणार आहे. खारट पाणी फेकून देता येतं, खारट सॉस नाही.

पाण्यात तेल घालायचा सल्ला कुठून आला देव जाणे. तेल वर तरंगत राहतं, खाली पास्ता काय चिकटायचा तो चिकटतोच. वर निथळताना ते तेल पास्त्याला लागतं आणि सॉस धरत नाही ते वेगळंच. शिजलेला पास्ता नळाखाली धुणं हा त्याचाच भाऊ. गार सॅलड करायचं असेल तर जरूर धुवा. गरम खायचा असेल तर त्याच्यावरचा तो किंचित चिकटपणा हाच सॉसला धरून ठेवणारा असतो.

आणि ते गढूळ पाणी. माझ्या मते घरच्या पास्त्यात आणि चांगल्या पास्त्यात जो फरक असतो तो बहुतेक त्या पाण्याचा. चाळणीत ओतण्याआधी एक मोठा कप भरून बाजूला काढायचा, हे इतकं सोपं आहे की विसरतंच. म्हणून मी आता चाळणी वापरतच नाही, चिमट्याने किंवा झाऱ्याने पास्ता पाण्यातून उचलते आणि थेट कढईत टाकते. पाणी पातेल्यातच राहतं, लागेल तसं घेता येतं.

याचा खरा खेळ बघायचा असेल तर लसूण आणि तेलाचा पास्ता करावा. इटलीत त्याला आल्यो ए ओल्यो म्हणतात आणि त्यात लपायला जागाच नाही. दोघांसाठी दीडशे-दोनशे ग्रॅम स्पॅगेटी, लसणाच्या चार-पाच पाकळ्या पातळ कापून, अर्ध्या वाटीला कमी ऑलिव्ह तेल, लाल मिरचीचे तुकडे. लसूण गार तेलात टाकायचा आणि मग गॅस लावायचा, तोही मंद. तापलेल्या तेलात टाकला की कडा करपतात आणि आत कच्चा राहतो. गार तेलाबरोबर तापला की चव सावकाश तेलात उतरते. पाकळ्या जेमतेम सोनेरी दिसल्या की मिरची घालायची आणि गॅस बंद. लसूण तापलेल्या तेलात त्यानंतरही पुढे जात राहतो, म्हणून आपल्याला हवा त्याच्या थोडा आधीच थांबवायचा. तपकिरी झाला तर कडू होतो, आणि तो कडूपणा पुढे कशानेही जात नाही.

पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उचलायचा. चावून बघितलं तर मधे पांढरट ठिपका दिसायला हवा, दाताला लागायला हवा. तो कढईत, त्यावर पळीभर पातेल्यातलं पाणी, गॅस मोठा, आणि मग हलवायचं. नुसतं ढवळणं नव्हे, कढई उचलून आपटत, उलटसुलट. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत. मधे स्टार्च पडला आणि जोरात हलवलं की तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवले जातात, आणि मिनिटभरात खाली सुटलेलं पाणीही दिसेनासं होतं आणि तेलही. सगळं मिळून येतं. पास्ता चकचकीत दिसायला लागतो आणि कढईत हलवताना ओला, गुबगुबीत आवाज येतो. कोरडा वाटला तर अजून थोडं पाणी. वाढताना जरा सैल वाटला तरच ताटात बरोबर होतो, कारण दोन मिनिटांत तो दाटतो.

घाईच्या दिवशी लक्ष द्यायचं असेल तर ते कढईतल्या या दोन मिनिटांत. बाकीच्या वेळेत फोन घ्या, वही तपासा, काहीही करा. मी घरच्यांना पास्ता पातेल्यात पडला की हाक मारते, तयार झाल्यावर नाही. माझी मुलगी विचारते, "आई, झालाय का मग?" नाही झाला, पण तू ये. पास्ता कोणासाठी थांबत नाही, माणसांनी त्याच्यासाठी थांबावं.

टोमॅटोचा सॉस हा खरं तर दोन वेगळ्या स्वभावांचा पदार्थ आहे. एक झटपट: तेलात लसूण, त्यात टोमॅटो पेस्टचे दोन चमचे घालून ती विटकरी रंगाची होईपर्यंत परतायची, मग पास्त्याचं पाणी. पेस्ट परतणं ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग सॉसला डब्याची कच्ची, धातूसारखी चव येते. परतली की गोडवा येतो आणि पाच मिनिटांत तासभर शिजवल्याचा भास होतो. शेवटी लोण्याचा तुकडा. दुसरा प्रकार निवांत: डब्यातले सोललेले टोमॅटो, बरंचसं लोणी, एक कांदा नुसता अर्धा कापून, मीठ, आणि मंद गॅसवर पाऊण तास. याला वेळ लागतो पण आपण लागत नाही. मधून एकदा टोमॅटो पळीने दाबायचे, बस. कांदा शेवटी काढून टाकायचा, निदान तशी रीत आहे. आमच्याकडे त्याच्यावरून भांडणं होतात. दिवस कितीही धावपळीचा असला तरी असा सॉस गॅसवर राहू शकतो. दुप्पट करून निम्मा फ्रीजरमध्ये टाकला की पुढच्या एखाद्या वाईट संध्याकाळची सोय होते.

मध्यंतरी फेटा चीजचा भाजलेला पास्ता सगळीकडे दिसत होता. फिनलंडमधल्या एका ब्लॉगवरून २०१९ मध्ये तो पसरला आणि २०२१ मध्ये छोट्या व्हिडिओंमधून जगभर गेला. छोटे टोमॅटो, तेल, मधोमध फेट्याची वडी, ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास. झटपट अजिबात नाही. पण लक्ष शून्य लागतं, आणि म्हणूनच तो चालला असावा. फेटा खारट असतो, तेव्हा पास्त्याच्या पाण्यात मीठ जपून. एवढंच त्याबद्दल.

साधा दिसतो आणि फसवतो असा पास्ता म्हणजे रोमचा काचो ए पेपे. पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं चीज, मिरी आणि पास्ता. तीनच वस्तू आहेत म्हणजे सोपा असणार, असा समज होतो. गरम पास्त्यावर किसलेलं चीज पडतं आणि सॉस व्हायच्या ऐवजी त्याचे रबरी गोळे होतात. कारण उष्णतेने चीजमधली प्रथिनं एकमेकांना धरून आवळतात. याचा छडा काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी लावला. २०२५ मध्ये त्यांचा शोधनिबंध 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात आला आणि त्याच वर्षी त्यांना इग नोबेलही मिळालं, आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला जे देतात ते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असेल तर सॉस फुटत नाही. १ टक्क्याच्या खाली गेलं की गुठळ्या नक्की. पास्त्याच्या पाण्यात किती स्टार्च उतरलाय हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून त्यांनी सरळ वेगळा स्टार्च घ्या असं सुचवलं.

स्वयंपाकघराच्या मापात हे फार सोपं आहे. १०० ग्रॅम चीजला साधारण एक सपाट लहान चमचा कॉर्नफ्लोअर. ते थोड्या गार पाण्यात कालवून गरम करायचं, खळीसारखं झालं की गार होऊ द्यायचं, मग त्यात चीज घालून मिक्सरमधून काढायचं. मिरी कोरडीच भाजून जाडसर कुटायची. पास्ता उचलून मिनिटभर बाहेर ठेवायचा आणि मग हा लगदा घालून, लागेल तसं पातेल्यातलं पाणी टाकत हलवायचं. अस्सल पद्धत मानणारे यावर नाक मुरडतील. त्यांनी मुरडावं. दमलेल्या माणसाला खात्री हवी असते, आणि कॉर्नफ्लोअर ती देतं.

शास्त्रज्ञांचा आणि पास्त्याचा हा संबंध काही नवा नाही. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे जॉर्जो पारिझी यांनी २०२२ मध्ये, युरोपात गॅस भलताच महागला होता तेव्हा, पास्ता पाण्यात टाकल्यावर थोड्या वेळाने गॅस बंद करून झाकण ठेवा, असा सल्ला पुढे पाठवला आणि इटलीत गदारोळ झाला. नामवंत शेफ चिडले. पण मुद्दा बरोबर आहे: पास्ता शिजायला खळखळ उकळीच लागते असं नाही, पाणी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तरी पुरतं. मी हे करते ते इंधनापेक्षा स्वतःसाठी. उकळत्या पातेल्याला राखण लागते, उतू जातं, फेस शेगडीवर सांडतो. सुरुवातीला ढवळून, दोन मिनिटं उकळू देऊन गॅस बंद केला आणि घट्ट झाकण ठेवलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊ शकते. वेळ मिनिट-दोन मिनिटं जास्त धरायची. छोट्या आकारांना हे छान जमतं. स्पॅगेटी मात्र अशाने मला कधी कधी मऊसर वाटते, तिच्यासाठी मी गॅस चालू ठेवते.

स्पॅगेटी मोडून घालावी का, हा प्रश्न छोट्या पातेल्यांच्या घरात येतोच. इटालियन माणसाला विचारू नका. मोडताना एक गंमत मात्र बघा: दोन्ही टोकं धरून वाकवलेली काडी क्वचितच दोन तुकड्यांत मोडते, तीन किंवा जास्तच होतात आणि एखादा ओट्याखाली उडतो. प्रसिद्ध अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनाही याचं कोडं पडलं होतं. २००५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी कारण दाखवलं: पहिला तुकडा पडताच उरलेली काडी सरळ होताना तिच्यातून लहर धावते आणि ती पुढे दुसरीकडे मोडते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी भरपूर पीळ देऊन मग हळू वाकवलं, तेव्हा कुठे दोनच तुकडे झाले. घाईत हे कोणी करणार नाही. पसरट कढईत थोडं पाणी घेऊन त्यात स्पॅगेटी आडवी ठेवली की मोडायचा प्रश्नच मिटतो.

भाजी घालायची तर वेगळं भांडं काढू नये. ब्रोकोलीचे तुरे, मटार, पालक, फरसबी, ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढी मिनिटं पास्ता उचलायच्या आधी त्याच पाण्यात. पालकाला तर पातेलं उतरवतानाची उष्णताही पुरते. ब्रोकोली मी मुद्दाम जास्त शिजवते, मग ती कढईत लसणाच्या तेलात ठेचली जाते आणि तिचाच सॉस होतो. कडक, हिरवीगार ब्रोकोली फोटोत चांगली दिसते. पास्त्यात ती काट्यावरून घरंगळते.

क्रीम मी फारसं वापरत नाही. क्रीमने चव झाकली जाते, आणि पास्त्याच्या पाण्याने जे होतं त्यासाठी क्रीम विकत आणणं मला आळशीपणाचं वाटतं. हा माझा हट्ट आहे, तुमचा असायला हवा असं नाही.

पण खूप दमलेल्या दिवसाचा माझा पास्ता वेगळाच आहे. काबुली चण्यांचा, एका पातेल्यातला. इटलीत तो पास्ता ए चेची या नावाने खातात, रोमच्या बाजूला तर फारच. पातेल्यात तेल, लसूण, असेल तर रोझमेरीची काडी, टोमॅटो पेस्टचा चमचा. शिजलेले किंवा डब्यातले चणे, त्यातले मूठभर पळीने ठेचून. मग पाणी, मीठ, आणि उकळलं की छोट्या आकाराचा पास्ता थेट त्यातच, अगदी मोडक्या उरल्यासुरल्या तुकड्यांचाही. निथळायचं काही नाही, वेगळा सॉस नाही, सगळा स्टार्च आतच राहतो आणि पंधरा-वीस मिनिटांत चमच्याने खायचा दाट, मऊ, गरम पदार्थ तयार होतो. तळाला लागू नये म्हणून मधून मधून हलवावं लागतं, एवढीच त्याची अट. वर तेलाची धार आणि मिरी. चावायचीही फार मेहनत नको असते काही दिवशी.

घरी पीठ मळून केलेला पास्ता याहून चांगला, असं समजणारे भेटतात. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, मळून अर्धा तास झाकून ठेवणं, लाटणं, कापणं: हे मी करते, आवडीने करते, पण सुट्टीत, आणि कोणीतरी गप्पा मारायला असेल तेव्हा. तो पदार्थच निराळा. सुका पास्ता ही त्याची गरिबाघरची आवृत्ती नव्हे. इटलीत १९६७ पासून सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करावा असा कायदा आहे, कारण त्या कडक गव्हातली प्रथिनं जाळीसारखी स्टार्चला धरून ठेवतात आणि पास्ता उकळत्या पाण्यात ताठ राहतो. पाकिटावर ड्युरम किंवा त्याचा रवा एवढं वाचावं. पृष्ठभाग खरखरीत, किंचित पिठूळ दिसत असेल तर आणखी चांगलं. तो ब्राँझच्या साच्यातून काढलेला असतो आणि सॉस जास्त धरतो. टेफ्लॉनच्या साच्यातला गुळगुळीत, पिवळाधमक असतो. दिसायला तोच छान.

कपाटात मी दोनच आकार ठेवते, एक लांब आणि एक छोटा. आकार जास्त ठेवले की प्रत्येकाचं अर्धं पाकीट उरतं आणि वेगवेगळ्या वेळांचे तुकडे एकत्र शिजवायची वेळ येते. माणशी ८० ते १०० ग्रॅम, वजन करून. डोळ्याच्या अंदाजाने पास्ता नेहमी जास्तच होतो.

झाला जास्त तर ठीकच. उरलेला पास्ता ओट्यावर रात्रभर न ठेवता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, झाकून. गार होताना त्यातला काही स्टार्च असा बदलतो की तो पचायला जड, सावकाश होतो. म्हणूनच शिळा पास्ता नुसता गरम केला की कोरडा, ताठ लागतो. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा तर दोन चमचे पाणी शिंपडून. पण मला नेपल्सची पद्धत जास्त आवडते: दोन-तीन अंडी, किसलेलं चीज आणि मिरी फेटून त्यात कालचा पास्ता कालवायचा, सॉससकट, आणि तव्यात तेलावर जाड पसरून मंद गॅसवर खालून कुरकुरीत होईपर्यंत ठेवायचा. ताटली उपडी ठेवून उलटायचा, दुसरी बाजू. गार झाला की वड्या कापता येतात आणि हातात धरून खाता येतात. स्पॅगेटीचा केला तर घट्ट बांधला जातो, पेन्नेचा, म्हणजे छोट्या नळ्यांच्या पास्त्याचा, कापताना सुटतो. त्यामुळे उद्या सकाळी वेळ नाही हे आदल्या रात्रीच माहीत असेल, तर मी स्पॅगेटीच काढते आणि मूठभर जास्त टाकते.